पायथन न येता घेतलेला पायथनचा डेमो

"ह्यातली परमनंट कुठली?"

शेलार काकांनी पत्रकावर बोट ठेवून विचारलं. पत्रकावर आमच्या क्लासमध्ये शिकवल्या जाणाऱ्या सगळ्या प्रोग्रामिंग लँग्वेजची नावं होती. म्हणजे शिकवल्या जाऊ शकतील अशा. शिकवणारा मिळाला तर.

मी म्हटलं, "काका, लँग्वेज परमनंट नसते. नोकरी परमनंट असते."

"नोकरी कुठं राहिली आता परमनंट?" काका म्हणाले. "म्हणून म्हंतोय, निदान लँग्वेज तरी असू द्या."

यावर काय बोलायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. तसं ट्रेनिंगच झालं नव्हतं.

मी कर्वेनगरमधल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये काउन्सेलर आहे. काउन्सेलर म्हणजे काय, तर समोरचा माणूस "जॉब लागण्यासाठी पहिली लँग्वेज कुठली शिकू" असं विचारतो, तेव्हा त्याचं सगळं शांतपणे ऐकून घ्यायचं, मान हलवायची, आणि आपली जी बॅच रिकामी आहे ती त्याच्यासाठीच देवाने बनवली आहे हे त्याला पटवायचं. माझं शिक्षण जामखेडला, बी.ए. इतिहास. प्रोग्रामिंग मला तेव्हा अजिबात येत नव्हतं. पण आवाज काढता येतात. शाळेच्या गॅदरिंगमध्ये हेडमास्तरांचा काढला होता, तर खुद्द हेडमास्तर पहिल्या रांगेत बसून स्वतःला शोधत होते. परांजपे सरांनी, म्हणजे आमच्या क्लासच्या मालकांनी, मला याच गुणावर घेतलं. आमच्या पुढच्या ऑफिसात मी एकटाच. पण फोन केलात तर आधी रिसेप्शनवरचा एक गोड पोरगा बोलतो, मग होल्डवर बासरी वाजते, मग जाड आवाजाचे सीनियर काउन्सेलर येतात, आणि फारच खोलात गेलात तर थोडे नाकात बोलणारे प्लेसमेंट हेड. सगळ्यांचा पगार एकच.

प्लेसमेंट म्हणजे काय तेही सांगून टाकतो. लोकांना वाटतं क्लासवाले नोकरी लावून देतात. आम्ही नोकरीच्या जाहिरातीची लिंक ग्रुपवर फॉरवर्ड करतो आणि खाली 'ऑल द बेस्ट' लिहितो.

तर शेलार काका. खडकीच्या फॅक्टरीत लेथवर टर्नर. हाफ डे टाकून आले होते, सोबत मुलगी ऋतुजा. बी.एस्सी. मॅथ्स झालेली, गप्प, पाठीवर सॅक. काकांचा हिशोब सरळ होता. ते रिटायर झाले की क्वार्टर सोडावं लागणार. आयुष्य तिथेच गेलं, दुसरीकडे घर केलं नाही. गावाकडे भावांनी आपापलं पाहून घेतलेलं. तेव्हा त्याच्या आत पोरीला नोकरी लागायला हवी, म्हणजे पुण्यात भाड्याने तरी राहता येईल. नाहीतर बायकोसकट तिघांनी गावी जायचं, आणि तिथे मॅथ्सच्या पोरीला कोण विचारतंय.

"माझं कसं हाय," काका म्हणाले, "मी टर्नर म्हणून लागलो, टर्नर म्हणूनच सुटणार. मधी कुणी इचारलं नाही की बाबा तुला वेल्डिंग येतं का. ट्रेड एकदा नीट निवडला की विषय संपला. तसा हिचा ट्रेड नीट निवडायचाय."

म्हणून त्यांनी चौकशी केली होती. शेजारच्या क्वार्टरवाल्यांचे जावई हिंजवडीला होते, ते म्हणाले जावा. मेव्हण्याची मुलगी म्हणाली पायथन, जावा आता म्हातारी झाली. मोबाईलला काच लावून देणारा पोरगा म्हणाला कोडिंगच संपलं, आता सगळं एआय करतं, आणि काच उलटी लावून दिली. काका रात्र रात्र जागे नव्हते राहिले, पण चहा कमी झाला होता असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

वाचकांपैकी ज्यांना यातलं काहीच कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रामिंग लँग्वेज म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची रीत. अमुक असेल तर तमुक कर, आणि थांब म्हणेपर्यंत करत राहा, एवढंच सगळीकडे असतं. फरक स्वभावाचा. जावा म्हणजे पेठेतला दुकानदार. काय हवंय, किती हवंय, पिशवी आणलीय का, हे आधी सांगा, मग पायरी चढा. पायथन म्हणजे आमच्या जामखेडचा टपरीवाला. या, बसा, काय ते नंतर बघू. घोळ झालेला असतो, पण तो चहा पिऊन झाल्यावर कळतो.

हे उदाहरण माझं आहे. क्लासने ते पुढे पत्रकात छापलं, नाव न टाकता.

आता अडचण अशी होती की बाहेर रस्त्यावर आमचा भलामोठा फ्लेक्स लागला होता, त्यावर पायथन, आणि एक गॉगल लावलेला तरुण लॅपटॉपकडे बघून विनाकारण हसतोय. त्या फ्लेक्सच्या जोरावर लोक येत होते. आणि आमचे पायथनचे ट्रेनर, अनुराग सर, शनिवारी बंगळुरूला निघून गेले होते. चांगली ऑफर आली, गेले. क्लासमध्ये पायथन होतं, पायथन शिकवणारा नव्हता.

परांजपे सरांना मी आत जाऊन सांगितलं की पार्टी डेमो मागतेय. डेमो म्हणजे पहिलं फुकटचं लेक्चर. ते आवडलं की लोक ॲडमिशन घेतात. सगळ्या क्लासचा सगळा जीव त्या एका लेक्चरमध्ये असतो, पुढच्या लेक्चर्सचं कुणी एवढं मनावर घेत नाही.

सर हिशोब करत होते. मान वर न करता म्हणाले, "मग द्या."

"अनुराग सर नाहीत."

"ते मला माहीत आहे. त्यांचा राजीनामा माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे."

"मग डेमो कोण घेणार, सर?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "लोखंडे, तुमचं टेबल आणि डेमोची खोली यांच्यामध्ये काय आहे?"

"प्लायवूड."

"म्हणजे तो डेमो तुम्ही किती वेळा ऐकला असेल?"

मला पायथन येत नव्हतं. पण पायथन शिकवणारा येत होता. संपूर्ण. अनुराग सर मूळचे इंदूरकडचे. "देखो गाईज" पासून सुरुवात, मग फळ्यावर एक गोल, मग गोलाकडे बघून "इट्स वेरी सिंपल", मग पाण्याचा घोट, मग एक खोकला, मग विनोद. विनोद असा की साप चावला तर औषध आहे, पायथन चावला तर नोकरी आहे. दर डेमोला तोच विनोद, तोच खोकला. मी टेबलावर बसून, अर्धवट उघड्या दारातून बघत, ओठ हलवत बरोबर म्हणायचो, टाइमपास म्हणून.

"सर, आणि कुणी प्रश्न विचारला तर?"

"अनुराग काय करायचे?"

"गुड क्वेश्चन, वी विल कव्हर इट इन मॉड्यूल थ्री."

"मग? तेवढं इंग्रजी जामखेडला शिकवत असतीलच."

पुणेरी माणसाकडे नोकरी करताना एक शिकलो, अपमान झाला की तो लगेच कळत नाही. टेबलाशी परत येईपर्यंत कळतो.

मी डेमो घेतला. खोटं कशाला बोलू, झकास घेतला. आवाज अनुराग सरांचा, हात अनुराग सरांचे, गोल त्यांच्यापेक्षा गोल. काका पहिल्या बाकावर ताठ बसले होते, जणू फॅक्टरीत साहेब राउंडला आलेत. ऋतुजाने वही काढली होती, पण लिहीत काहीच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पाण्याचा घोट घेतला. खोकलो. सापाचा विनोद मारला. काका हसले. ती हसली नाही. म्हणजे हसली, पण विनोदाच्या जरा आधीच.

मग लॅपटॉप प्रोजेक्टरला लावून अनुराग सरांचा नेहमीचा खेळ केला. कॉम्प्युटर नाव विचारतो, आपण टाइप करायचं, तो म्हणतो 'हॅलो' आणि आपलं नाव. मी काकांचं नाव टाकलं. भिंतीवर आलं, हॅलो शेलार. काका बाकावर जरा पुढे सरकले. माझं मन भरून आलं. इथे डेमो संपतो आणि फॉर्म निघतात.

"सर," ऋतुजा म्हणाली, "नाव विचारतो तसं वय विचारेल का?"

"वेरी सिंपल," मी अनुराग सरांच्या आवाजात म्हटलं, आणि वही पुढे सरकवून तिनेच दोन ओळी दाखवल्या. म्हणजे ती लिहीत होती, मलाच दिसलं नव्हतं. "बाबांचं वय टाकायचं आणि साठातून वजा करायचं. किती राहिलं ते सांगेल ना?"

किती राहिलं म्हणजे काय हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

मी तिच्या ओळी जशाच्या तशा टाइप केल्या. काकांचं वय टाकलं. एंटर मारलं.

भिंत लाल झाली.

अनुराग सरांच्या एकाही डेमोत भिंत लाल झालेली मी ऐकली नव्हती. लाल अक्षरात चार ओळी इंग्रजी, खाली 'टाइप एरर'. मला वाटलं मी टाइप करताना चूक केली. पुन्हा टाइप केलं. पुन्हा लाल. आता या जागी अनुराग सर काय म्हणाले असते ते मला माहीत होतं, आणि माझ्या तोंडून ते निघालंही.

"गुड क्वेश्चन. वी विल कव्हर इट इन मॉड्यूल थ्री."

"पण आत्ता का नाही सांगत तो?" ऋतुजा म्हणाली. "साठातून वजाबाकी तर करायचीय."

काका माझ्याकडे बघत होते. साहेब राउंडला आला आणि मशिन बंद पडलं, की ऑपरेटरकडे जसं बघतात, तसं.

तेवढ्यात प्लायवूडच्या पलीकडून जोशी मॅडमचा आवाज आला. "अहो लोखंडे, त्याने आकडा घेतलाच नाहीये. अक्षरं घेतलीयेत."

जोशी मॅडम आमच्या जावाच्या ट्रेनर. क्लास सुरू झाला तेव्हापासूनच्या. त्यांचा डेमो कुणाला आवडत नाही, कारण त्या डेमोमध्येही शिकवतात. सर त्यांच्यावर नाराज असायचे. त्या वर्गात आल्या, खुर्ची ओढली आणि मला उठवून स्वतः न बसता ऋतुजाला बसवलं.

"हे बघ, यांनी एकोणसाठ टाइप केलं, पण त्याला ते मघाच्या नावासारखं वाटलं. पाच आणि नऊ ही दोन चित्रं. साठातून चित्रं कशी वजा करणार? म्हणून तो ओरडला. खालची शेवटची ओळ वाच, तिथेच लिहिलंय त्याने. लाल दिसलं की लोक डोळे मिटतात. लाल वाचायचं असतं."

ऋतुजाने वाचलं. मी पण वाचलं, कधी नव्हे ते. मॅडमनी एक शब्द घालायला सांगितला, हा आकडा समज अशा अर्थाचा. तिने घातला. एंटर.

भिंतीवर आलं, एक.

काका त्या एककडे बघत बसले आणि मग हळूच म्हणाले, "बरोबर हाय."

मला काहीतरी बोलून वातावरण हलकं करायची सवय आहे. त्या दिवशी आवाजच सापडेना, कुणाचाच.

ऋतुजाने लॅपटॉपवरून मान वळवली आणि मला म्हणाली, "सर, एक विचारू का? अनुराग सर कुठे आहेत?"

"कोण अनुराग सर?" मी म्हटलं, सीनियर काउन्सेलरच्या आवाजात. तो घाबरल्यावर आपोआप येतो.

"तुमच्या क्लासच्या चॅनेलवर त्यांचा डेमो आहे. मी तो बऱ्याचदा बघितलाय. तुम्ही सगळं तसंच केलंत. ते पाणी पितात, खोकतात, मग सापाचं सांगतात. त्यांना त्या दिवशी सर्दी होती असं मला वाटलं होतं. तुम्हाला पण आहे का?"

जोशी मॅडमनी तोंडावर पदर धरला. काकांना काही कळलं नव्हतं, त्यांनी मला खिशातली खोकल्याची गोळी देऊ केली.

मग लपवण्यात अर्थ नव्हता. मी माझ्या स्वतःच्या आवाजात, जो मलाच जरा परका वाटला, सांगितलं की अनुराग सर शनिवारी गेले. नवीन माणूस येईल. कधी येईल ते परांजपे सर जाणोत.

"म्हंजे पायथनला मास्तरच नाही?" काका म्हणाले. "मशिन हाय, ऑपरेटर नाही?"

"तसंच काहीसं."

"आणि भाईर बोर्ड एवढा मोठा?"

"बोर्डाला ट्रेनर लागत नाही, काका."

काका उठलेच होते. हाफ डे वाया, चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण ऋतुजा उठली नाही. ती जोशी मॅडमना म्हणाली, "मॅडम, तुम्ही पण जाणार आहात का कुठे?"

"मी कुठे जाणार?" मॅडम म्हणाल्या. "माझा मुलगा कोपऱ्यावरच्या शाळेत आहे, तिसरीत. त्याची दहावी होईपर्यंत मी इथून हलत नाही. तू शिकून होशील तोवर."

"मग मला जावा शिकायचंय."

काकांनी विचारलं, "पण चांगली कुठली ते ठरलं का?"

"बाबा, या मॅडम थांबणार आहेत," ती म्हणाली. "ते ठरलं."

फॉर्म मीच भरून घेतला. परांजपे सरांच्या केबिनमध्ये नेला. त्यांनी वरची ओळ वाचली आणि म्हणाले, "लोखंडे, तुम्ही पायथन विकायला गेला होतात."

"हो सर."

"आणि जावा विकून आलात."

"ॲडमिशन झाली ना, सर."

"झाली. त्याबद्दल कौतुकच आहे. तुमचं नव्हे, मुलीचं." मग थोडा विचार करून, "जोशी बाईंचा डेमो ऐकला आहेत का कधी प्लायवूडमधून? त्यांचा आवाज जमेल?"

मी नाही म्हटलं. त्यांचा आवाज जमतो हो. आतलं सामान जमत नाही.

पुढचं सरळ झालं असं नाही. ऋतुजा शिकली, मन लावून शिकली, पण पहिल्या इंटरव्ह्यूंमध्ये पडली. एका ठिकाणी विचारलं अनुभव किती, फ्रेशरच्या जागेसाठी. दुसरीकडे लेखी परीक्षा पास झाली आणि मग त्यांनी ती जागाच रद्द केली. आमच्या प्लेसमेंट हेडने, म्हणजे मीच, ग्रुपवर लिंका टाकल्या, ऑल द बेस्ट लिहिलं. पण तिच्या मॉक इंटरव्ह्यूला मी खरंच कामाला आलो. जोशी मॅडम मला प्रश्न लिहून द्यायच्या आणि मी वेगवेगळे साहेब व्हायचो. एक गोड बोलून फाडणारा, एक प्रश्न विचारून मोबाईल बघत बसणारा, एक "टेल मी अबाउट युवरसेल्फ" म्हणून स्वतःबद्दलच सांगणारा. ऋतुजा म्हणायची, खऱ्या इंटरव्ह्यूत गेले की वाटतं हा माणूस आधी भेटलाय.

काकांची निवृत्ती अगदी तोंडावर आली तेव्हा तिला हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत लागलं. ऑफर आली त्या दिवशी काका पेढे घेऊन आले, मॅडमना वाकून नमस्कार करायला लागले, मॅडमनी कसंबसं आवरलं. क्वार्टर सोडून ते वाकडला दोन खोल्यांत गेले. काकांना तिथे करमत नाही म्हणतात, खिडकीतून नुसत्या कंपनीच्या बसेस दिसतात आणि त्याही हलत नाहीत. पण गावी जावं लागलं नाही.

आता गंमत ऐका. कंपनीत गेल्यावर साहेबांनी तिला विचारलं, जावा शिकलीस ना, छान, आमचा हा प्रोजेक्ट पायथनमध्ये आहे, सोमवारपासून बस. तिने मॅडमना घाबरून फोन केला. मॅडम म्हणाल्या, बस की, लाल वाचता येतं ना तुला. काही आठवड्यांत ती रुळली. काकांना मात्र हे कुणी सांगितलेलं नाही. ते अजून वाकडच्या बागेत नव्या रिटायर्ड लोकांना सांगत असतात, पोरीला जावाचा ट्रेड दिला, आयुष्याची काळजी मिटली. त्यांच्यामुळे आमच्याकडे जावाला दोन ॲडमिशन आल्या, कमिशन मागितलं नाही.

रोज कुणीतरी येतं किंवा फोन करतं, जॉबसाठी पहिली लँग्वेज कुठली. मला आता थोडं थोडं प्रोग्रामिंग येतं, मॅडमच्या बॅचला शेवटच्या बाकावर बसतो, सरांना वाटतं मी आवाज टिपतोय. तरी या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, आणि ज्यांना येतं असं ते म्हणतात त्यांची कुठली तरी बॅच रिकामी असते, हे लक्षात ठेवा. एवढंच सांगतो. फ्लेक्स बघू नका, जावयाला विचारू नका. क्लासमध्ये आत जा, शिकवणारा माणूस कोण ते बघा, आणि पुढच्या वर्षी कुठे असणार हे त्याला तोंडावर विचारा. तो जी शिकवत असेल ती शिका. लँग्वेज नंतर बदलता येते, कंपनीच बदलायला लावते. पहिल्या चुकीला शेजारी बसणारा माणूस मात्र एकदाच लागतो, आणि तो फ्लेक्सवर छापता येत नाही म्हणून कुणी त्याची जाहिरात करत नाही.